उंदीर शेपटीने उचलायचा का? आणि उंदरांशिवाय भागणारच नाही का?

सूज_संशोधक:
फार्माकॉलॉजीत पीएचडीचं पहिलं वर्ष. संधिवातावरच्या एका रेणूवर काम करतेय. पेशींवरचे निकाल बरे आलेत, आता प्राण्यांवरचा टप्पा. एथिक्स कमिटीसाठी प्रोटोकॉल लिहायला बसलेय आणि गाडी अडलीय.

सीनियरच्या जुन्या प्रोटोकॉलचा क्रम असा: आधी एलडी-५० (निम्मे प्राणी मरतील तो डोस शोधायचा), मग जेल सशाच्या कातडीवर लावून लाली येते का बघायचं, इंजेक्शनचं द्रावण सशाला टोचून ताप चढतो का बघायचं, आणि शेवटी माइसना (लॅबमधल्या छोट्या उंदरांना) कोलॅजन हे सांध्यांतलं प्रथिन टोचून सांधे सुजवायचे नि औषध द्यायचं. "पर्यायांचा विचार केला का?" या रकान्यात त्याने एवढंच लिहिलंय: पर्याय उपलब्ध नाही. मलाही तेच उतरवायला सांगितलंय.

दुसरा प्रश्न हाताळणीचा. ट्रेनिंगमध्ये उंदीर शेपटीने उचलायला शिकवलं. माझ्या हातातला गरगर फिरत राहिला, हातमोज्यावर लघवी केली, आणि पिंजऱ्यात सोडल्यावर बाकीच्यांच्या खाली जाऊन दडला. विचारलं तर "सगळे असंच करतात". खरंच दुसरा मार्ग नाही? "प्रयोगच बंद करा" आणि "होईल सवय" ही दोन्ही उत्तरं कृपया नकोत.

टॉक्स_टेबल:
चारही चाचण्यांना एकच ओळ लावणं पटत नाही. प्रत्येक चाचणी नेमकं काय विचारतेय ते बघा. प्रश्न जितका अरुंद, तितकं प्राण्याला त्यातून सोडवणं सोपं.

एलडी-५० ही ट्रेव्हनने १९२७ मध्ये आणलेली कल्पना. त्यावरची ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४०१ क्रमांकाची चाचणी-मार्गदर्शिका २००२ मध्येच रद्द झाली. तीव्र विषारीपणा तपासायचाच असेल तर ४२५ क्रमांकाच्या पद्धतीत एकेक प्राणी घेत डोस वरखाली करतात, फार कमी जिवांत काम होतं. पण तुम्हाला तेही कशाला? तुम्हाला सहन होणारा डोस हवाय, मारणारा नाही.

कातडी: सशाच्या कातडीवर आणि डोळ्यांत पदार्थ घालून बघायची ड्रेझची पद्धत १९४४ची. त्वचेच्या जळजळीसाठी २०१० पासून ४३९ क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. माणसाच्या त्वचापेशींपासून छोट्या कपात थरावर थर चढवून कातडीचा तुकडा वाढवलेला असतो. त्यावर नमुना लावायचा, ठरल्या वेळाने धुवायचा, साधारण ४२ तास तसाच वाढू द्यायचा आणि मग एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालायचं. जिवंत पेशी त्याचा जांभळा रंग करतात. पेशींचा जिवंतपणा ५० टक्के किंवा त्याखाली आला तर पदार्थ जळजळ करणारा. जेलचा जाडपणा आणि रंग आड येऊ शकतो, त्यामुळे नमुना पाठवण्याआधी लॅबशी बोलून घ्या. ससा मात्र लागत नाही.

ताप: तीन ससे, गुदद्वारातून तापमान, तासन्‌तास बांधलेले. हे बहुतेक ठिकाणी आधीच मागे पडलंय. हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तापासून केलेली एलएएल चाचणी एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातला, ताप आणणारा पदार्थ) पकडते. त्यातही प्राण्याचं रक्त नको असेल तर रीकॉम्बिनंट फॅक्टर सी आहे, म्हणजे त्याच रक्तातलं प्रथिन, पण लॅबमध्ये बनवलेलं. एंडोटॉक्सिनखेरीज ताप आणणाऱ्या इतर गोष्टींची शंका असेल तर मोनोसाइट ॲक्टिव्हेशन टेस्ट करा. माणसाच्या रक्तातल्या पेशी द्रावणासोबत ठेवायच्या आणि त्या आयएल-६ हे ताप-सुजेचा संदेश देणारं प्रथिन सोडतात का ते मोजायचं. युरोपीय फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकांच्या ग्रंथात, ती २०१० पासून आहे. तापाचा प्रश्न तुम्हाला माणसाबद्दल पडलाय, मग पेशी माणसाच्या असलेल्या बऱ्याच.

चौथ्याबद्दल दुसरे कोणी लिहितील.

ॲनिमलहाउसवाली:
चौथ्याबद्दल मीच लिहिते. माझं सगळं आयुष्य पिंजऱ्यांत गेलंय (बाहेरच्या बाजूने).

सुजलेला सांधा, त्यावर चालून आलेल्या प्रतिकारपेशी, झिजणारं हाड, दुखणं आणि त्यामुळे बदललेलं चालणं, हे सगळं एकत्र दाखवणारी डिश अजून कुणाकडे नाही. तेव्हा उंदीर लागणार. पण रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या होत्या: टाळता येईल तिथे प्राणी टाळा, संख्या घटवा, त्रास कमी करा. पहिल्या दोन जमल्या नाहीत की लोक रकान्यात "लागू नाही" लिहून मोकळे होतात. तिसरी तर तुमच्या दोन हातांत आहे, तिला कुठल्या मशीनची वाट बघावी लागत नाही.

शेपटीचं बोलू. २०१० मध्ये लिव्हरपूलच्या जेन हर्स्ट आणि रिबेका वेस्ट यांनी दाखवलं की शेपटीने उचललेले माइस घाबरट होतात आणि माणसाचा हात टाळतात. नळीतून किंवा ओंजळीत उचललेले आपणहून हाताजवळ येतात. तुमच्या बाबतीत तर आणखी एक गोम आहे. कोलॅजनचं इंजेक्शन बहुधा शेपटीच्या मुळाशीच देतात, सोबत फ्रॉइंडचं ॲडज्युव्हंट, म्हणजे प्रतिकारशक्तीला भडकवणारं तेलकट मिश्रण. तिथे गाठ येते, कधी जखम फुटते. त्याच शेपटीला धरून रोज उचलणार, आणि मग उंदीर अस्वस्थ का म्हणून औषधाला दोष देणार?

नळी म्हणजे पाचेक सेंटिमीटर व्यासाची, वीतभर लांब, पारदर्शक असेल तर उत्तम. पिंजऱ्यातच ठेवून द्या, त्यांच्या वासाची होऊ द्या. उचलताना नळी आडवी, पिंजऱ्याच्या भिंतीलगत, आणि दुसऱ्या हाताने उंदराला मागून हळूच वळवा. पाठलाग करायचा नाही. आत शिरला की दोन्ही टोकांशी हात सैलसर धरून उचला. पहिले काही दिवस वेळ लागतो, नंतर शेपटीइतकाच. इंजेक्शनला मानेची कातडी धरावी लागतेच, तरी नळीचा फायदा त्याने वाया जात नाही.

बाकी भराभर:
सुया. प्रत्येक उंदराला नवी. बोथट सुईने तिसऱ्याला काय होतं ते पहिल्याला कळत नाही.

घरटं. माइसना तिशीच्या आसपासचं तापमान मानवतं, आपण खोली विशी-बाविशीत ठेवतो ती आपल्या सोयीने. कागदाच्या पट्ट्या भरपूर द्या, ते खोल घरटं बांधतात. संधिवाताला डीबीए/१ जातीचे नर घेणार असाल तर हे भांडकुदळ असतात. पिंजरा बदलताना जुनं घरटं नव्यात टाका, घाण झालेला भुसा नको. घरट्याच्या वासाने मारामाऱ्या कमी होतात.

सांधे सुजल्यावर वरच्या जाळीतलं खाणं त्यांना गाठता येत नाही. खाणं भिजवून तळाशी ठेवा, पाण्याच्या बाटलीची नळी लांब घ्या, अंथरूण मऊ. ही साधी गोष्ट न केल्यामुळे वजन उतरतं आणि पेपरात ते आजाराचं लक्षण म्हणून छापून येतं.

वेदना बघायला शिका. मॅगिलमध्ये जेफ्री मोगिल यांच्या गटाने २०१० मध्ये चेहऱ्याची मोजपट्टी दिली: डोळे आवळलेले, नाकावर उंचवटा, गाल फुगलेले, कान मागे गेलेले, मिशांची ठेवण बदललेली. प्रत्येकाला ० ते २ गुण. उंदीर आपल्यासमोर दुखणं लपवतो, म्हणून लांबून किंवा कॅमेऱ्यातून बघा. वेदनाशामक "निकाल बिघडतील" म्हणून सरसकट नाकारू नका. सूज उतरवणारी औषधं तुम्हाला चालणार नाहीत हे मान्य, पण ओपिऑइड (अफूसारख्या) गटातल्यांचं पशुवैद्याशी बोला. आणि कुठल्या गुणांवर, किती वजन घटल्यावर प्राणी प्रयोगातून काढायचा हे आधीच आकड्यांत लिहा. त्या दिवशी ठरवायला गेलात की "अजून दोन दिवस बघू" होतं.

जाता जाता: २०१४ मध्ये असं दिसलं की पुरुष संशोधकाच्या नुसत्या वासानेही उंदरांना ताण येतो आणि त्यांचं दुखण्याचं मोजमाप बदलतं. पुरुष सहकाऱ्यांनी राग मानू नये. कोणी कधी हाताळलं याची नोंद ठेवा म्हणजे झालं.

पी_व्हॅल्यू:
ताईंच्या प्रतिसादाला +१. माझी भर छोटी. संख्या घटवणं म्हणजे दर गटात चारच उंदीर घेणं नव्हे. इतके कमी घेतले की निकाल लागत नाही आणि चारही फुकट जातात. फरक दिसायला किती उंदीर लागतील याचं आधी गणित करा. एकाच पिंजऱ्यातले सगळे औषधाच्या गटात आणि शेजारच्या पिंजऱ्यातले सगळे कंट्रोलमध्ये (औषध न दिलेल्या गटात), असं करू नका, नाहीतर तुम्ही पिंजऱ्यांची तुलना कराल. सांध्याचे गुण देणाऱ्याला गट माहीत नसावा. प्राण्यांवरच्या प्रयोगांचा पेपर लिहिताना लागणाऱ्या अराइव्ह मार्गदर्शक सूचना (२०१०, सुधारित २०२०) आत्ताच वाचून ठेवा, त्या प्रोटोकॉलसाठी जास्त उपयोगी आहेत.

शंकासुर:
सगळं ठीक, पण माइसमध्ये बरा झालेला संधिवात माणसात बरा होतोच असं नाही. टीजीएन१४१२ हे प्रतिकारपेशींवर काम करणारं प्रायोगिक औषध माकडांत सुरक्षित दिसलं होतं. २००६ मध्ये लंडनला सहा स्वयंसेवकांना दिलं आणि सहाही जण आयसीयूत गेले. मग त्रास कमी करून तरी चुकीचाच प्रश्न विचारतोय ना? आणि पेशीवाल्यांनीही फार मिरवू नये. बऱ्याच कल्चरमध्ये गायीच्या गर्भाच्या रक्तातलं सीरम असतं.

टॉक्स_टेबल:
सीरमचा मुद्दा रास्त. सीरमविरहित माध्यमं मिळतात, प्रत्येक पेशी त्यांत नांदत नाही. माणसाबद्दलच्या शंकेवर एक उपाय: सांधेबदल शस्त्रक्रियेत काढून टाकलेलं सायनोव्हियल ऊतक (सांध्याचं आतलं अस्तर) संमतीने मिळवा आणि त्यावर रेणू आधी तपासा. तिथे जे डोस काहीच करत नाहीत ते उंदरांपर्यंत नेऊ नका. गट कमी होतील.

सूज_संशोधक:
खूप आभार. गाइडशी बोलले. सशांच्या दोन्ही चाचण्या आणि एलडी-५० प्रोटोकॉलमधून काढल्या. शस्त्रक्रियेतल्या ऊतकासाठी वेगळी परवानगी लागेल, त्याचा अर्ज करतेय. नळ्यांना गाइड "बघू" म्हणालेत. ताई, एक राहिलं: आमच्याकडचे माइस आधीच शेपटीने हाताळलेले आहेत. आता नळीला घाबरणार नाहीत?

ॲनिमलहाउसवाली:
बिचकतील, पण रुळतात. आठवडाभर नळी नुसती पिंजऱ्यात राहू द्या, मग रोज एकदा उचलून लगेच खाली ठेवा, त्या वेळी दुसरं काहीही करू नका. सगळ्या गटांना सारखंच, आणि पहिल्या इंजेक्शनच्या आधी. पिंजरा धुणाऱ्यांनाही शिकवा, त्यांना वगळून चालत नाही. "बघू"चं म्हणाल तर गाइडना पिंजऱ्याशी बोलवा. एका पिंजऱ्याला नळी, एकाला शेपटी, आणि दोन आठवड्यांनी दोन्हींत हात घालायला सांगा.