फ्लॉरेन्समध्ये मेडिची घराण्याची वॉकिंग टूर घ्यावी का?

धरमपेठकर: सप्टेंबरमध्ये आई-बाबांना घेऊन नागपूरहून फ्लॉरेन्सला जाऊन राहिलो. बाबांना इतिहासाचं भयंकर वेड आहे पण आईचे गुडघे दुखतात, तर मेडिची टूर, म्हणजे इटलीतल्या फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवलेल्या त्या बँकर घराण्याच्या जागांची पायी सैर, जमेल का?

महालवासी: नक्की घे दादा, सगळं जुन्या शहरातच आहे, सान लोरेंझो चर्च अन् मेडिचींचा वाडा तर अगदी जवळजवळ. वाड्यातलं छोटं चॅपल (प्रार्थनेची खोली) बिलकुल सोडू नको. १४५९ च्या सुमारास बेनोत्सो गोत्सोलीनं भिंतींवर बाळ येशूच्या दर्शनाला निघालेल्या तीन राजांची मिरवणूक रंगवली, सजवलेले घोडे, सोन्याची झळाळी, अन् त्या गर्दीत चक्क मेडिचींचेच चेहरे! १३९७ ला बँक काढलेल्या घराण्याचा पैसा अन् रुबाब कुठं मुरला ते तिथं उभं राहिलं की समजते.

सीताबर्डी_रीडर: काकूंना कथीड्रलच्या (मुख्य चर्चच्या) घुमटावर नेऊ नको, ४६३ पायऱ्या आहेत अन् लिफ्ट नाही. खाली कथीड्रलमध्येच बसा, १४७८ मध्ये ऐन प्रार्थनेच्या वेळी पात्सी या विरोधी घराण्याच्या कटात जुलियानो मेडिचीला इथंच भोसकलं, त्याचा भाऊ लोरेंझो जखमी होऊन निसटला. काकांना हे आवडेलच. रस्ते दगडी आहेत, शूज चांगले घ्या.

महालवासी: उफिझी ही चित्रांची गॅलरी सोमवारी बंद असते हं. अन् तिथं आना मारिया लुईसाची आठवण ठेवा, मेडिची घराण्याच्या या शेवटच्या वारसदार बाईनं १७३७ मध्ये करार करून सगळा कलासंग्रह फ्लॉरेन्सबाहेर जाऊ द्यायचा नाही असं बांधून घेतलं, म्हणून तर आज आपल्याला बघायला मिळते.