घरात येणारे पैसे कमी, हप्ते जास्त : आधी कुणाचं भागवायचं? (तासगाव तालुका)

गटताई
उमेदच्या (बचत गटांचं सरकारी अभियान) गटातल्या एका घराचा हिशेब मांडते. नाव-गाव देत नाही, आकडे मात्र पावत्या बघून घेतलेत.

नवरा-बायको दोघं द्राक्षबागेत मजुरीला. ऑक्टोबरच्या छाटणीपासून पुढं महिन्याला १८,००० च्या आसपास येतात. जुलै ते सप्टेंबर बागेत काम नसतं, तेव्हा जेमतेम ९,०००. किराणा, दवाखाना, पोरांची शाळा कितीही ओढून धरली तरी घरखर्च ७,५०० च्या खाली येत नाही.

देणी अशी: सावकाराचे ४०,०००, शेकडा ५ नं महिन्याला २,००० नुसतं व्याज, शिवाय कोरा चेक आणि सही केलेला स्टॅम्पपेपर त्याच्याकडे. पतसंस्थेत दीड तोळ्याचं गंठण, उचल ४५,०००, व्याज १४ टक्के, मुदत नोव्हेंबरात संपते. मायक्रोफायनान्स दोन: एक ५०,००० चं, २४ महिने, हप्ता २,५८३, दुसऱ्याचा हप्ता १,६००. वीस गुंठ्यांवर गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज २५,०००. लाईट बिल दोन महिने थकलंय.

सध्या दारात येऊन जो जास्त बोलतो त्याला आधी दिलं जातं. क्रम कसा लावावा?

कर्जखिडकी, मिरज
ताई, बोलण्यावरून नको, दरावरून क्रम लावा. शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के, आणि मुद्दल जागच्या जागी. मायक्रोफायनान्सच्या हप्त्यावरून उलटा हिशेब केला तर २४ महिन्यांत ६२,००० जातात, म्हणजे १२ टक्के सपाट (शेवटपर्यंत मूळ रकमेवरच धरलेलं). घटत्या मुदलावर तोच दर साडेएकवीसच्या आसपास पडतो. महाग आहे, पण सावकाराच्या जवळपासही नाही. पतसंस्था १४. सोसायटीचं कर्ज ३ लाखांच्या आत आहे, वेळेत फेडलं तर शून्य टक्के.

म्हणजे सावकार पहिला काढायचा, आणि त्याची किल्ली गंठणात आहे. उचल जुन्या भावावर घेतलेली दिसते. पण पावतीवरच्या दीड तोळ्यावर जाऊ नका. काळे मणी, दोरा, लाख यांचं वजन वजा करून बँक निव्वळ सोनं धरते. समजा १२ ग्रॅम निघालं आणि बावीस कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० धरला (त्या दिवशीचा भाव घालून पुन्हा काढा), तर किंमत १,२०,००० आणि ७५ टक्क्यांनी उचल ९०,०००. पतसंस्थेचं मुद्दल अधिक आठ महिन्यांचं व्याज ४९,२००. उरले ४०,८००. सावकाराचे ४०,००० भागतात, सराफाची मूल्यांकन फी निघते.

बँकेचा दर १० टक्के धरला तर ९०,००० वर महिन्याला ७५० व्याज. आज सावकार आणि पतसंस्था मिळून २,५२५ जातात.

अडकतं ते एकाच ठिकाणी. सोनं सोडवल्याशिवाय बँकेत ठेवता येत नाही आणि सोडवायला रोख नाही. काही बँका पतसंस्थेच्या नावानं थेट पैसे देऊन सोनं उचलतात, ते आधी विचारा. "गहाण सोनं सोडवून देतो" अशा पाट्या लावणाऱ्यांकडे जाऊ नका. त्यांना सोनं विकत घ्यायचं असतं आणि भाव तेच ठरवतात. ज्याच्या नावची पावती आहे तो माणूस हजर लागतो; मूळ पावती, आधार, पॅन बरोबर ठेवा. पॅन नसेल तर फॉर्म ६० (पॅन नसल्याचं लिहून द्यायचा कागद).

माणदेशी
हिशेब बरोबर, पण खिडकीवाल्यांनी पुढच्या वर्षाचं बोलायचं टाळलं. पाच टक्क्यांचं कर्ज गेलं, मुद्दल गेलं नाही. सोनेतारणात व्याज साठू दिलं तर वर्षाच्या शेवटी ९९,००० एकदम भरायचे. कुठून? मग पुन्हा सावकार, नाहीतर लिलाव.

तारण ठेवायचंच असेल तर दोन गोष्टी आधी विचारून घ्या: व्याज दरमहा भरता येतं का, आणि मुदलात थोडं थोडं जमा करून घेतात का. ऑक्टोबरपासून १८,००० मधून घरखर्च आणि दोन्ही हप्ते जाऊन ६,३०० उरतात. व्याज वजा जाता साडेपाच हजार मुदलात, सहा महिन्यांत ३३,०००. हे नाही केलं तर गंठण हळूहळू बँकेचंच होतं.

माझं मत विचाराल तर गंठण मोडावं. घट आणि मजुरी जाते, त्याचं वाईट वाटतं. तरी पतसंस्था आणि सावकार दोघं एका दिवसात मिटून वर पंचवीसएक हजार हातात राहतात, आणि पुढचे तीन कोरडे महिने त्यावर निघतात. तारण ठेवलं तर मात्र याच तीन महिन्यांत हप्त्यांना दरमहा साडेतीन हजार कमी पडणार आहेत, ते वरच्या हिशेबात आलेलंच नाही. अर्थात गंठण बाईचं आहे. मोडायचं का ठेवायचं, तिला विचारा, नवऱ्याला नव्हे.

विजयनगर कोर्टकट्टा
सोनं काही करा, पण सावकाराच्या हातात पैसे देण्याआधी कागद बघा.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ प्रमाणे परवाना लागतो. परवानाधारकालासुद्धा विनातारण कर्जावर शेतकऱ्याकडून वर्षाला १२ आणि इतरांकडून १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. १८ धरले तरी ४०,००० वर वर्षाचे ७,२०० होतात. इथं २४,००० चाललेत. चक्रवाढ चालत नाही. विनापरवाना धंद्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी द्यायची, पोच घ्यायची. सावकारीत लिहून घेतलेली जमीन १५ वर्षांच्या आतली असेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे परत मागता येते.

मिटवताना पैसे खात्यातून द्या, रोख नको. त्याच बैठकीत कोरा चेक नंबर जुळवून परत घ्या, स्टॅम्प परत घ्या आणि "सर्व रक्कम पोचली" असं दोघा साक्षीदारांसमोर लिहून घ्या. "चेक घरी राहिला, उद्या देतो" म्हणाला तर पैसेही उद्या. अशा मिटलेल्या व्यवहारातले चेकच पुढं रक्कम भरून बँकेत टाकले जातात. चेक न वटता परत गेल्यावर सावकारानं तुम्हाला ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून तुमच्याकडे १५ दिवस. नोटिशीचं पाकीट परत पाठवू नका, उत्तर द्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला न देता.

गटताई
एवढं कुणी सांगितलं नव्हतं. तिच्याशी बोलते. पण मायक्रोफायनान्सवाले संध्याकाळी सातला येऊन बसतात, गटातल्या बाकीच्या बायकांना उठवून आणतात. ऑगस्टचा हप्ता पूर्ण जमणार नाही.

फील्डवरचा
१ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला फोन नाही, भेट नाही. वसुली ठरलेल्या जागी. लागोपाठ दोनदा कर्जदार तिथं आला नाही तरच घरी जाता येतं. म्हणून मीटिंग चुकवू नका. पैसे नसले तरी जाऊन बसा.

हप्त्याच्या तारखेआधी शाखेत लेखी अर्ज: किती भरणार, बाकी कधी. ५०० भरले तरी कर्जकार्डावर नोंद आणि सही. दंड फक्त थकलेल्या रकमेवर लागतो, सगळ्या कर्जावर नाही. "जुनं मिटवून मोठं देतो" म्हणतील, ते घेऊ नका. बाकी मुदलावर नव्यानं व्याज आणि फी सुरू होते. ऐकलं नाही तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. खर्च नाही, चौकशीला १४४४८.

बाकीच्या बायका चिडतात त्यालाही कारण आहे, एकीचं थकलं की बोजा त्यांच्यावर. तुमच्या बचत गटाच्या अंतर्गत कर्जातून शेकडा १ किंवा २ नं १०,००० निघाले तर तीन महिन्यांची तूट भरते. ताई, हे तर तुमच्याच हातात आहे.

कर्जखिडकी, मिरज
दोन राहिलं. लाईट तोडायच्या आधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. महावितरणच्या उपविभागात जाऊन हप्ते पाडून मागा, तोडल्यावर जोडणीचा खर्च वेगळा. आणि मार्चअखेर सोसायटीचं नवंजुनं (जुनं कर्ज भरून लगेच नवं उचलणं) करायला आठ दिवसांसाठी सावकाराचे पैसे घेतले जातात ना, तेच टाळायचं आहे. जानेवारीपासून दरमहा बाजूला टाकायला सांगा, नाहीतर वरचं सगळं करून मार्चमध्ये त्याच दारात.