स्कॉटलंडच्या बॅरनी: किताब आणि पिढीजात जमीन एकाच घराण्यात राहायला हवी का?

मावळतीकर:
मंडळी, 28 नोव्हेंबर 2004 ला स्कॉटलंडमधली सरंजामी जमीनधारा संपली. बॅरनी म्हणजे ‘बॅरन’ हा सरदारकीचा किताब आणि त्याला जोडलेली जहागीर. तेव्हापासून किताबाचा जमिनीशी संबंध तुटला, नुसता ‘बॅरन’ किताब विकता येतो. मला हे मनापासून खटकतं. ज्याने ते गाव पाहिलंही नाही, तो पैसे मोजून तिथला बॅरन होतो! किताब आणि जमीन दोन्ही घराण्यातच राहतील, अशी तरतूद हवी होती.

रानवाट:
साफ असहमत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर स्कॉटलंडमधल्या सदरलंडमध्ये मेंढ्यांसाठी हजारो कुळांना हुसकावलं, ते पिढीजात मालकांनीच. त्या कुळांचे वाडवडीलही तिथल्याच मातीत गेले होते. त्यांच्या वारशाची सनद कुठे होती?

मावळतीकर:
सदरलंडचं समर्थन मी करणारच नाही. पण स्कॉटलंडच्या पश्चिमेचं ‘बारा’ (Barra) नावाचं बेट बघा. तिथलं पिढीजात मालक असलेलं मॅक्नील घराणं कर्जात बुडालं आणि बेट गॉर्डन ऑफ क्लनी या धनाढ्याने विकत घेतलं. 1851 मध्ये त्याने रयतेला जबरदस्तीने जहाजांत चढवून कॅनडाला धाडलं. बाजारातून जमीन घेणाऱ्याला तिथल्या माणसांचं काय पडलंय? पुढे 1937 मध्ये मॅक्नील वंशातल्याच, अमेरिकेत वाढलेल्या रॉबर्ट लिस्टर मॅक्नील यांनी बेटाचा मोठा भाग परत घेतला आणि तिथल्या किसिमुल किल्ल्याची पडझड दुरुस्त केली. ते वास्तुविशारद होते. नफ्यासाठी कुणी समुद्रातल्या खडकावरचे भग्न तट बांधून काढत नाही.

उंबरठा:
पण पुढचं सांगा ना. त्यांचेच चिरंजीव इयन मॅक्नील यांनी 2000 मध्ये तो किल्ला सरकारी वारसा खात्याला हजार वर्षांच्या पट्ट्याने दिला. भाडं वर्षाला एक पौंड आणि व्हिस्कीची एक बाटली. 2003 मध्ये बेटावरची जमीनही सरकारला देऊन टाकली, रहिवाशांनी मागितली तर त्यांना मिळावी म्हणून. जमीन सोडल्यावरही ते मॅक्नील कुळाचे प्रमुखच राहिले.

मावळतीकर:
दिली ती स्वखुशीने! मालकाच्या मनाने झालं, म्हणून त्याचं मोल आहे.

रानवाट:
सगळेच मालक असे मनाचे मोठे नसतात. म्हणून तर 2003 च्या भूसुधारणा कायद्याने क्रॉफ्टर, म्हणजे लहान तुकडे कसणाऱ्या कुळ-शेतकऱ्यांच्या गावांना मालकाची संमती नसली तरी जमीन विकत घ्यायचा हक्क दिला. फुकट नाही, रीतसर मोल देऊन. किताब खुशाल जपा. जमीन मात्र कसणाऱ्याला मागता आलीच पाहिजे.