चौथ्या दिवशी टेस्ट निगेटिव्हच येणार
वर एका ताईंनी लिहिलंय की ओव्ह्युलेशननंतर (बीज अंडाशयातून बाहेर पडल्यावर) चौथ्या दिवशी घरी प्रेग्नन्सी टेस्ट केली, निगेटिव्ह आली, म्हणजे यावेळीही काही नाही. अहो, एवढ्यात कसं कळणार! बीज फलित होतं ते गर्भनलिकेत, तिथून तो पेशींचा गोळा विभागत विभागत गर्भाशयात उतरायलाच चार-पाच दिवस जातात, मग अस्तरात रुजायचं, ते बऱ्याचजणींचं आठव्या ते दहाव्या दिवशी होतं. टेस्टच्या पट्टीवर दिसतं ते एचसीजी, म्हणजे गरोदरपणातलं हार्मोन, आणि ते रुजायला लागल्यावरच रक्तात येतं, लघवीत आणखी जरा उशिरा. सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, म्हणून आज निगेटिव्ह आणि 3 दिवसांनी रेघ असं होऊ शकतं.

मला तर यातलं भारी वाटतं ते हे की एचसीजी अंडाशयाला निरोप देतं, दुकान बंद करू नकोस, प्रोजेस्टेरॉन (अस्तर टिकवणारं हार्मोन) चालू ठेव, नाहीतर अस्तर गळून पाळी येणार. पुढे साधारण 7 ते 10 आठवड्यांच्या दरम्यान वार (प्लासेंटा) हे काम स्वतःकडे घेते. (आठवडे मोजतात शेवटच्या पाळीपासून, म्हणजे पहिले दोन आठवडे बाई गरोदर नसतेच, हे आमच्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही.)

तर ताई, पाळीची तारीख उलटू दे, मग सकाळच्या पहिल्या लघवीने करा. आणि ट्रीटमेंटमध्ये एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्याचीच रेघ उमटते कधीकधी.