गावात बाई बोलायला उभी राहते तेव्हा : तुमचे अनुभव लिहा

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघाली की आमच्या तालुक्यात पहिला प्रश्न ठरलेला : कोणाच्या घरातली बाई उभी करायची? तिला काय वाटतं हे नंतर, बऱ्याचदा कधीच नाही. पंचायतींत महिलांना एक तृतीयांश जागा राखीव ठेवणारी 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली. महाराष्ट्राने 2011 मध्ये पंचायतींतलं महिलांचं आरक्षण एक तृतीयांशावरून 50 टक्क्यांवर नेलं. इतक्या वर्षांत हजारो बायकांनी कारभार पाहिला, तरी त्यांच्याबद्दल ऐकू येतं ते एक तर 'सगळं नवराच बघतो' असं, नाहीतर पुरस्काराच्या बातमीत.

मला मधलं, रोजचं काम ऐकायचं आहे. पद असो वा नसो. दारू, पाणी, रेशन, उताऱ्यावरचं नाव, काहीही. फक्त 'महिला सक्षम झाल्या' एवढ्यावर थांबू नका. कोणता कागद, घरी काय बोलणं झालं, कुठे अडलं, ते लिहा. गावांची आणि माणसांची नावं नकोत.

माजी सरपंच, सातारा जिल्हा

निवडून आले तेव्हा माझं शिक्षण नववी. शपथेनंतर थोड्याच दिवसांत शिपाईभाऊ रजिस्टर घेऊन घरी आले. "वहिनी, इथं इथं सही करा." पानं कोरी. मी म्हटलं, आधी लिहून आणा, वाचते, मग करते. ते म्हणाले, आजवर असंच चालत आलंय. आमचे मालकही म्हणाले, करून टाक की, कशाला ताणतेस. सासूबाई भाकरी थापत होत्या, तिथूनच बोलल्या, "कोऱ्या कागदावर अंगठा देऊन माझ्या बापाचं रान गेलं. तू नको करू." घरातला पहिला पाठिंबा तो.

त्या दिवसापासून सही कार्यालयात बसूनच. मासिक सभेत खुर्ची मधली माझी, पण सगळे बोलायचे उपसरपंचांकडे तोंड करून. मग मी प्रत्येक विषयाला एकच विचारायला लागले, "याला पैसे कुठल्या निधीतून?" वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा असतो, हे प्रशिक्षणात कळलं होतं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला-बालकल्याणासाठी ठेवायचे असतात, हेही तिथंच. आमच्याकडे ते हळदीकुंकवाच्या वाणात आणि फ्लेक्समध्ये जिरायचे. त्यातून शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला टाकी बसवली, नळ जोडला.

पुढे अविश्वास ठराव आला. महिलेसाठी राखीव पदावरच्या महिला सरपंचाविरुद्ध तो मंजूर व्हायला एकूण सदस्यांपैकी तीन चतुर्थांश मतं लागतात. नऊपैकी सात हवी होती, सहा पडली. समोरच्या पॅनेलमधली एक सदस्य फुटली म्हणून तिला बरंच ऐकून घ्यावं लागलं. मी तिला भेटायला गेले तर म्हणाली, "माझी पोरगी त्याच शाळेत आहे." आज आम्ही दोघी एकाच बचतगटात आहोत.

बचतगट अध्यक्ष, जळगाव जिल्हा

आम्ही 'आडवी बाटली' केली, म्हणजे बायकांच्या मतदानाने गावातलं दारूचं दुकान बंद केलं. ज्यांना पुढे करायची आहे त्यांच्यासाठी नीट लिहिते, कारण खरी लढाई मतदानाच्या आधीची आहे.

गावातलं परवान्याचं दुकान बंद करायचं तर आधी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो. त्या सह्या सरकारी अधिकाऱ्यांसमोर पुन्हा तपासल्या जातात. पडताळणीच्या दिवशी बाई हजर नसली की सही बाद. दुकानवाल्याच्या माणसांनी नेमकं त्याच दिवशी दोन मळ्यांवर दुप्पट रोजाने निंदणी काढली. आमच्यातल्या चार-पाच जणी बांधावर गेल्या आणि मजूर बायांना म्हणाल्या, तुमचा आजचा रोज गट भरून देईल, चला. तसा रोज खरंच दिला, गटाच्या शिलकेतून, सगळ्यांच्या संमतीने.

मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं : उभी बाटली, आडवी बाटली. मतदानाला आलेल्यांत बहुमत मिळवून भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. म्हणजे लग्न होऊन सुरतेला गेलेली लेक, कामाला पुण्याला गेलेली सून, यादीत नाव राहिलेली मयत आजी, ही सगळी न आलेली मतं आपोआप उभ्या बाटलीच्या पारड्यात. म्हणून आम्ही आधी यादी हातात घेतली, घराघराप्रमाणे खुणा केल्या, माहेरवाशिणींना फोन लावले. कोणी एसटीने आली, कोणी लेकरू काखेत घेऊन. दुकान बंद झालं.

हातभट्टी बंद झाली नाही, हेही सांगते. ती नाल्याकाठी चालते. त्यासाठी प्रत्येक वेळी पोलिसांकडे जावं लागतं. पण शाळेच्या वाटेवर संध्याकाळी जो तमाशा चालायचा तो राहिला नाही. पोरी शिकवणीहून एकट्या येतात.

नाशिक जिल्हा, वय सत्तरीपुढे (नात टाइप करते आहे)

मी चांदवडला होते, 1986 च्या नोव्हेंबरात, शेतकरी महिलांच्या अधिवेशनाला. ट्रकात उभ्याने गेलो. घरून निघताना सासरे म्हणाले होते, बायकांचं तिथं काय काम. तिथं पोचले तर जिकडं बघावं तिकडं बायका, डोक्यावर पदर, कडेवर पोरं. माझ्यासारख्या इतक्या जणी आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पुढं शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली. शेतकऱ्यानं आपखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. संघटनेचे नेते शरद जोशी सांगायचे की हे दान नव्हे, तिच्या कष्टाचं देणं आहे. आमच्या ह्यांनी एक एकर केलं. भावकी वर्षभर बोलली नाही. ते वारले तेव्हा त्याच एकरावर मी सोसायटीचं कर्ज काढलं आणि कांदाचाळ बांधली. मुलांकडे मागावं लागलं नाही. नातीला सांगते, सातबारावर नाव चढव, मग बाकीचं बोल.

कोल्हापूर जिल्हा

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे 2022 मध्ये विधवा प्रथा (नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं) बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही आवाहन केलं, आणि आमच्या गावातही हात वर करून ठराव झाला.

पुढच्या वर्षी वडील गेले. अंत्यविधीच्या वेळी नात्यातल्या बायका आईच्या बांगड्यांकडे वळल्या. आईच्या बचतगटातल्या तिघी तिला खेटून बसल्या आणि तिचे हात आपल्या हातात धरून ठेवले. एकीने एवढंच म्हटलं, "गावाचा ठराव आहे." आरडाओरड झाली, एक काका उठून गेले. बांगड्या राहिल्या. कुंकू मात्र आईने आपणहून लावलं नाही, आणि आम्हीही तिच्यावर जोर केला नाही. ठराव भिंतीवर असतोच. त्या क्षणी शेजारी कोण बसलंय यावर सगळं ठरतं, असं माझं मत झालं आहे. आता गावात कुणाकडे दुःखद घटना घडली की गटातल्या दोघी-तिघी आधी जाऊन बसतात.

मुंबई, चेंबूर

गावाचं नाही, चालेल ना? माझी आजी 1970 च्या दशकातल्या लाटणे मोर्चात होती. मोर्चाच्या नेत्या मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांची नावं ती घरातल्या माणसांसारखी घ्यायची. रॉकेल नाही, तेल नाही, साखर नाही, म्हणून बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर आल्या होत्या.

मी आमच्या वस्तीत शौचालयांच्या पाहणीत होते. पुरुषांना मुतारी फुकट, बायकांना त्याच कामाचे पैसे. 'राइट टू पी' मोहिमेने 2011 पासून हा प्रश्न लावून धरला. आम्ही वहीत लिहायचो : कडी आहे का, दिवा आहे का, पाणी आहे का, कोणी पैसे मागितले. भाजीवाल्या मावशी दिवसभर पाणी पीत नाहीत, हे त्या पाहणीत कळलं. आमच्याकडच्या दोन ठिकाणी कडी आणि दिवा बसला, पैसे मागणंही थांबलं. तिसऱ्या ठिकाणी अजून काही नाही.

उमेदची (बचतगटांच्या सरकारी अभियानाची) सीआरपी, म्हणजे गावपातळीवरची कार्यकर्ती, बीड जिल्हा

थोडक्यात लिहिते, रात्र झाली. माझ्या ग्रामसंघात (गावातल्या बचतगटांच्या संघात) नवऱ्याने टाकलेल्या आणि विधवा बायका बऱ्याच आहेत. ऊसतोडीला एकटी बाई मुकादम घेत नाही, तिथं 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यामुळे उचल, म्हणजे आगाऊ मिळणारे पैसेही नाहीत. रेशनकार्डावर नाव सासऱ्याच्या खाली, धान्य तिकडे. वेगळं कार्ड काढायला गेलं की नवऱ्याचा कागद मागतात, आणि तो कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. ग्रामसभेत एकल महिलांची यादी वाचून मंजूर करून घेतली, तो ठराव अर्जाला जोडतो. काहींचं झालं. बाकीच्यांसाठी परवा पुन्हा तहसीलला जाणार आहोत.

ग्रामपंचायत सदस्य, परभणी जिल्हा

मला प्रश्न विचारायचा आहे. आमच्याकडे महिला ग्रामसभा होतच नाही. रजिस्टर गल्लीत फिरवून सह्या घेतात. विचारलं तर 'बायका येत नाहीत' म्हणतात. काय करावं?

ग्रामसेविका म्हणून नोकरी केलेली, आता निवृत्त

ताई, नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं ग्रामपंचायत कायद्यानेच बंधनकारक आहे, कुणाच्या मर्जीचा प्रश्न नाही. तुम्ही सदस्य आहात, तेव्हा तारीख, वेळ आणि विषय घालून सभा लावण्याचं पत्र सरपंचांना द्या, पोच घ्या. एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना. वेळ दुपारी तीनची मागा, सकाळी अकराला रानातली बाई येऊच शकत नाही. सभेत पाणी किंवा रेशन हाच पहिला विषय घ्या. ठराव मांडताना सूचक म्हणून स्वतःचं पूर्ण नाव सांगा, अनुमोदक शेजारणीला करा, आणि उठायच्या आधी इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. सही त्यानंतर. पत्राचा मसुदा हवा असेल तर उद्या सकाळी इथेच लिहून टाकते.