फी माफ आहे, मग बारावीला एवढी मरमर कशाला?

मंगळवारपेठी

भाऊबीजेला बहिणीकडं गेलो होतो. ओवाळून झालं, चकली तोंडात जाते न जाते तोवर दाजींनी विषय काढला. माझी थोरली बारावी सायन्सला आहे, पहाटे साडेपाचला उठून गणितं सोडवत बसते. दाजी म्हणाले, "पोरीला कशाला राबवताय? मुलींना इंजिनिअरिंगची फी सरकारनं माफ केलीया. कुठल्याबी कॉलेजात घाला की!" तिथनं जो वाद पेटला, त्यात पांढरा रस्सा गार झाला.

दाजींचं निम्मं खरं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी घरांतल्या मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी निम्मी होती. पण "कुठल्याबी कॉलेजात" हे साफ चूक. प्रवेश कॅप राउंडमधनंच, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतनंच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातनं घेतला की माफी गेली. खासगी अभिमत आणि खासगी विद्यापीठांना तर ही योजना लागूच नाही. म्हणजे आधी सीईटीला, राज्याच्या प्रवेश परीक्षेला मार्क, मग कॅपमधनं जागा, मग माफी. ही रांग सोडून मागल्या दारानं शिरायचं तर खिशातनं लाख-लाख मोजायचे.

मी पतसंस्थेत क्लार्क. पोरगी पहाटे दोन तास बसते तेव्हा ती माझ्या चार वर्षांच्या बचतीएवढं काम करते, असं मला वाटतं. यात मरमर कसली? तुमचं काय म्हणणं?

शिरोलीकर

मीच तो दाजी.

पाव्हणं, रस्सा गार झाला ते लिहिलंसा, पण माझं बोलणं निम्मंच लिहिलंसा. माझं वर्कशॉप आहे. फौंड्रीवाल्यांचं कास्टिंग येतं, मशिनिंग करून देतो. मागल्या वर्षी दोन पोरं मुलाखतीला आली, दोघं इंजिनिअर. हातात व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं साधन, दिलं, एकाला वाचता येईना. मागणी पंधरा हजार. माझ्याकडचा आयटीआय झालेला टर्नर बावीस घेतो, आणि चार वर्षं आधीपास्नं कमावतोय. बुलेट घेतली त्यानं.

तुम्ही ॲडमिशनपर्यंतचंच गणित मांडताय. ॲडमिशन झाली म्हणजे गंगेत घोडं न्हालं! त्याच्यापुढं काय? जे फुकट मिळतंय ते कशासाठी पाहिजे, हे आधी पोरीला विचारलंय का?

कागलची_लेक

दाजीकाका, व्हर्नियर मला वाचता येतं. अकरावी फिजिक्सच्या प्रॅक्टिकललाच असतं ते. त्या पोरानं जर्नल उतरवून काढली असणार, त्यात अभ्यासाचा काय दोष?

मी पुण्यात सरकारी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. घरी दीड एकर ऊस. मॅनेजमेंट कोटा हा शब्दसुद्धा आमच्या घरात कुणी काढला नसता. मला जे मिळालं ते सीईटीच्या पर्सेंटाईलवर, त्यामुळं "मरमर कशाला" हे ऐकलं की डोकं फिरतं.

धागा काढणाऱ्या काकांना एक सांगते. अकरावी सोडू नका. मला सगळ्यांनी सांगितलं, अकरावीला कोण विचारतंय, दहावीचा शीण घालव. मी घालवला, वर्षभर. सीईटीत साधारण वीस टक्के प्रश्न अकरावीचे असतात. गणिताचे पन्नास प्रश्न दोन-दोन गुणांचे, त्यातले दहाएक अकरावीचे. निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून मी अंदाजे पर्याय निवडले. ते वीस गुण हातात असते तर मला हवी ती ब्रँच मिळाली असती.

आणि फी माफ म्हणजे शिक्षण फुकट नव्हे. मेस, रूम, एसटी, लॅपटॉप हे सगळं घरचंच. वसतिगृहाच्या खर्चासाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची निर्वाह भत्त्याची योजना आहे, तिचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर वेगळा भरावा लागतो.

रंकाळ्यावरची_आई

माझं मत पटणार नाही बऱ्याच जणांना, तरी लिहिते.

माझा मुलगा इंटिग्रेटेडला होता. म्हणजे कॉलेज नावाला, दिवसभर क्लास. सकाळी सातला जायचा, रात्री आठला यायचा. दर रविवारी टेस्ट आणि टेस्टच्या मार्कांप्रमाणं बॅच. पेठेतलं पोरगं, आठवीपासून तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळायचं. बूट माळ्यावर गेले. बारावीच्या डिसेंबरात त्याचं जेवण तुटलं. डॉक्टर म्हणाले पोटाचं काही नाही, झोप नाही याला.

दोन वर्षांच्या क्लासला आम्ही अडीच लाख भरले. कशासाठी? तर पुढची निम्मी फी वाचावी म्हणून. मुलाला निम्मीच माफी आहे. एक दिवस वहीवर हिशेब मांडला आणि हसावं की रडावं कळेना. शिष्यवृत्ती मिळवायला जेवढे घातले, तेवढी शिष्यवृत्ती चार वर्षांत मिळून येत नाही!

मंगळवारपेठी, तुमची मुलगी आपण होऊन पहाटे उठत असेल तर देव पावला. उठवावं लागत असेल तर दाजींचं ऐका.

मंगळवारपेठी

ताई, वाचून गलबललं. पोरगी आपण होऊन उठते, पण मीही उठतो चहा करायला, तेव्हा किती तिचं आणि किती माझं हे खरंच सांगता येत नाही. क्लास लावलेला नाही. परवडत नाही हे पहिलं कारण. जुन्या प्रश्नपत्रिका आणि पाठ्यपुस्तक, एवढ्यावर चाललंय.

दाजी, विचारलंय. तिला कॉम्प्युटर नको, सिव्हिल पाहिजे. पंचगंगेचं पाणी २०१९ ला आजीच्या घरात शिरलं तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच आहे.

मास्तर_भुदरगड

इथं सगळे बारावीबद्दल बोलताहेत. माझ्या मते गाडी त्याच्या चार वर्षं आधी सुटते, आणि आमच्या डोंगरातल्या पोरांची तर हमखास.

एनएमएमएस नावाची परीक्षा असते आठवीला. सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या पोरांसाठी. सातवीला ५५ टक्के आणि घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, एवढीच अट. बौद्धिक क्षमतेचे नव्वद प्रश्न, शालेय विषयांचे नव्वद. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला बारा हजार. दहावीला साठ टक्क्यांच्या खाली गेलं की पुढचं बंद. अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत.

वर्षाला बारा हजार म्हणजे शहरात एखाद्या मोबाईलची किंमत. आमच्याकडं त्या बारा हजारांवर पोरीचं लग्न दोन वर्षं पुढं गेलेलं मी पाहिलंय. बाप म्हणाला, "पैसे येत्यात तवर शिकूंदे." दोन वर्षांत तिची बारावी झाली, आज ती जीएनएम, म्हणजे नर्सिंग करते आहे. या पोरीनं आठवीच्या उन्हाळ्यात माझ्या पडवीत बसून आकृत्यांची कोडी सोडवली होती. तिची मरमर म्हणायची तर ती तेवढीच.

दाजींचा टर्नरचा मुद्दा मला मान्य आहे, पण ते एक विसरतात. आयटीआयच्या चांगल्या ट्रेडलासुद्धा दहावीच्या टक्क्यांवरच नंबर लागतो. पस्तीस टक्केवाल्याला टर्नर कुठला मिळायला?

आणि बारावीच्या मार्कांना किंमतच नाही, फक्त सीईटी, असं आता पोरंसुद्धा म्हणतात. इंजिनिअरिंगला बारावीला ४५ टक्के पुरतात हे खरं. पण जी पोरं बीएस्सी, बीकॉम, बीएला जाणार त्यांचं काय? केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती बारावीच्या मार्कांवरच आहे. बोर्डातल्या वरच्या वीस टक्क्यांत असलं आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलं, तर पदवीची तीन वर्षं बारा-बारा हजार. दुसरी शिष्यवृत्ती घेतली तर ही नाही. मूळ विज्ञानाला जाणाऱ्यांसाठी इन्स्पायर आहे, वर्षाला ऐंशी हजार, पण बोर्डातला वरचा एक टक्का लागतो. ही नावं आमच्या शाळा-केंद्रातल्या निम्म्या शिक्षकांना माहीत नाहीत. पोरांना "अभ्यास कर" म्हणणारे शंभर, अर्ज भरून देणारा एक.

दसरा_चौक_१९७२

मी बोर्डिंगात राहून शिकलो. त्यामुळं शिष्यवृत्ती "मिळवली" हा शब्द मला जरा खटकतो.

शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. तिथं पोराला घेताना टक्के विचारले नव्हते. त्याला गावात शाळा नाही, शहरात छप्पर नाही, एवढं पुरे होतं. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेही गुणवत्ता यादी लावून नव्हे. आज त्याच महाराजांच्या नावाची फी सवलत पर्सेंटाईलच्या चाळणीतनं जाते, आणि आपण इथं चाळणीतनं कसं पडायचं यावर भांडतोय. जागा का वाढत नाहीत, अनुदान का आटलं, यावर कोण बोलणार?

भाऊराव पाटलांचंच बघा. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला गेले म्हणून जैन बोर्डिंगातनं त्यांना काढलं. आजच्या भाषेत "करिअर बरबाद". त्या पोरानं १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली.

कागलची_लेक

आजोबा, चाळणी नसावी हे मान्य. पण ती आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात या काकांच्या मुलीला तिच्यातनंच जायचंय. जागा वाढेपर्यंत तिनं थांबायचं का? आणि भाऊरावांनी पुढं "कमवा आणि शिका" म्हणून पोरांकडनं कामं करवून घेतलीच की. कष्ट नको असं त्यांनीही कधी म्हटलं नाही.

दसरा_चौक_१९७२

कष्ट नको असं मीही म्हटलं नाही, बाळ. मी स्वतः पहाटे बंब पेटवायचो बोर्डिंगात. पण तो बंब पेटवला म्हणून मी दुसऱ्यापेक्षा हुशार ठरलो नाही. पाणी सगळ्यांनाच गरम मिळायचं.

उजळाईवाडी_रिटर्न्स

मी बाहेर शिकतोय, अमेरिकेत, म्हणून थोडंसं. तिकडं नववी ते बारावी चारही वर्षांचे मार्क बघतात, शिवाय निबंध आणि शिक्षकांची पत्रं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलाचीही ऐपत न बघता प्रवेश ठरतो आणि गरजेएवढी पूर्ण मदत मिळते. जागा हाताच्या बोटांवर, पण एका परीक्षेवर सगळं टांगलेलं नसतं. आपल्याकडं नववीच्या मार्कांना कुणी हिंग लावून विचारत नाही.

शिरोलीकर

मुद्दा अमेरिकेला गेला. आता चंद्रावर न्या.

ऑपशनफॉर्म

सगळ्यांचं वाचलं. सीईटीला माझा ९६ पर्सेंटाईल होता. ओबीसीतनं जागाही लागली. जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत हातात आलं नाही, जागा गेली. खुल्यातनं शेवटच्या फेरीत जे मिळालं ते घेतलं. आमची चूक एवढीच, अर्ज बारावीच्या परीक्षेनंतर केला. अकरावीत असताना करायचा असतो हे कुणी बोललं नाही. नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, सगळं दहावीच्या सुट्टीत सुरू करा. दोन वर्षांचा अभ्यास एका कागदापायी गेलाय माझा.

मंगळवारपेठी

बाप रे. आमचं वैधतेचं झालंय, पण नॉन-क्रिमिलेयरची मुदत कधी संपते बघायला पाहिजे. सोमवारी सेतूत जातो.

ताईंच्या बोलण्यावर पोरीशी बोललो. रविवारी पुस्तक बंद ठेवायचं ठरलं. ती म्हणाली, "रविवारी दुपारपर्यंत." तेवढ्यावर मिटवलं.

शिरोलीकर

माझं मत तेच आहे, आधी हातात काम पाहिजे. कुणी पार्टी बदलली असं समजू नये.

पण आमचं थोरलं अकरावीला आहे. ते वैधतेचं कॉलेजातनं भरायचं का सेतूतनं?

ऑपशनफॉर्म

अर्ज ऑनलाइन, त्यावर कॉलेजचं पत्र आणि सही-शिक्का लागतो. ते नंतर. आधी पुरावा शोधा. ओबीसी असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातला. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला असला की निम्मं काम झालं.

शिरोलीकर

आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते.

मास्तर_भुदरगड

मग चुलत आजोबा, आजोबांची बहीण, कुणीही चालेल. गावच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर असतं, त्याचा उतारा मागा. नाहीच सापडलं तर तहसीलला कोतवाल बुकातली जन्माची नोंद.

शिरोलीकर

चुलत आजोबा चौथीपर्यंत होते म्हणे. उद्या वर्कशॉप पोरांवर टाकून गावाकडं जातो. पाव्हणं, तुम्ही येणार काय? रजिस्टर मोडीत असलं तर मला वाचता यायचं नाही.

मंगळवारपेठी

मोडी मलापण येत नाही, दाजी. पण येतो.