मेन स्टीमचा वॉल्व्ह: डब्ल्यूसी६ घेऊ का डब्ल्यूसी९? अर्जंट

कोजन_बी_शिफ्ट:
साखर कारखान्याच्या कोजनला (वाफेवरच्या वीजनिर्मितीला) आहे. मेन स्टीमचा गेट वॉल्व्ह बंद केला तरी सीटमधून पास होतोय (वाफ जातेय), लॅपिंग (सीट घासून बसवणं) करून झालं, फरक नाही, नवाच घ्यायचाय. एकाने डब्ल्यूसी६ (कमी क्रोमचं अलॉय स्टील) कोट केलाय, दुसऱ्याने डब्ल्यूसी९ (जास्त क्रोमचं), तो महाग, आणि परचेसवाले म्हणतात स्टोअरला डब्ल्यूसीबी (साधं कार्बन स्टील) पडलाय तोच बसवा. बॉयलरचं अग्निप्रदीपन तोंडावर आलंय. एका शब्दात सांगा.

वाफारा:
एका शब्दात कसं सांगणार? टेम्परेचर? साइज? पाइप कुठल्या ग्रेडचा?

कोजन_बी_शिफ्ट:
६७ प्रेशरचा बॉयलर आहे हो. ८ इंच, बट वेल्ड.

वाफारा:
टेम्परेचर विचारलं होतं.

कोजन_बी_शिफ्ट:
४८५

जुना_फिटर:
मग डब्ल्यूसीबी विसरा. साधं कार्बन स्टील ४२५ डिग्रीच्या वर जास्त काळ राहिलं की आतल्या कार्बनचं ग्रॅफाइट व्हायला लागतं, वरून काहीच दिसत नाही.

दूधवाला_इंजिनियर:
सरळ ३१६ घ्या. आमच्या डेअरीत सगळं ३१६, गंजाचं नाव नाही.

जुना_फिटर:
डेअरीत ४८५ ची वाफ असते का? इथे गंज नाही, क्रीपचा (तापलेला धातू ताणाखाली हळूहळू वाढत जाण्याचा) प्रश्न आहे. आणि स्टेनलेस अलॉय पाइपपेक्षा जास्त पसरतं, दर सीझनला गरम-थंड होऊन वेल्डवरच ताण येणार.

दूधवाला_इंजिनियर:
सुचवलं फक्त. इतकं तापायचं कारण नाही.

ऊस_उत्पादक:
यंदा पहिली उचल किती देताय?

पॅकिंगतज्ज्ञ:
ग्लँडला (स्पिंडल बाहेर येतो तिथे) ग्रॅफाइट पॅकिंग टाका, रिंगांचे जोड एकावर एक येऊ देऊ नका, लीक थांबतं.

कोजन_बी_शिफ्ट:
ग्लँड नाही हो, सीट!! पाइपचा ग्रेड माहीत नाही, ड्रॉइंग सापडत नाही, वॉल्व्हची नेमप्लेटपण गेलीय.

वाफारा:
मग पाइपवर पीएमआय गन (धातूत काय किती आहे ते दाखवणारी) लावा. क्रोम सव्वा टक्क्याच्या आसपास आलं तर पाइप पी११ ग्रेडचा, डब्ल्यूसी६ चालेल. सव्वादोन आलं तर पी२२, डब्ल्यूसी९ घ्या. क्लास (प्रेशर रेटिंग) काय कोट केलाय?

कोजन_बी_शिफ्ट:
दोघांचा ६००

वाफारा:
दोन्ही परत पाठवा. ४८५ ला क्लास ६०० चा डब्ल्यूसी९ सुद्धा ६० बारच्या आसपासच धरतो, तुमचा बॉयलर ६७ चा. ९०० लागेल. मटेरियलवर भांडताय आणि क्लास कुणी बघितलाच नाही! आयबीआरचा (बॉयलर नियमांचा) फॉर्म तीन-सी, म्हणजे वॉल्व्हचं सर्टिफिकेट, मागा, वेल्डनंतर स्ट्रेस रिलीव्हिंगला (वेल्ड तापवून ताण काढायला) वेळ धरा.

कोजन_बी_शिफ्ट:
गनवाल्याला फोन लावलाय. परचेसला सांगतो ९०० चे रेट मागवा, आता शिव्या खायची तयारी.